गोधडीवरचं गाव

पंकजाच्या मोबाईलमधून चार पोरी एकदम भांडत होत्या. अंगणात खाटेवर कुरडया घालत बसलेल्या साळूबाईला त्यातलं एकीचंही बोलणं धड कळत नव्हतं.

"काय गं, कोन कुनाला मारतंय?"

"कुणी नाही आजी. कुठं जायचं तेच ठरंना आमचं. मोनिका म्हणते भंडारदरा, दुसरीला कळसूबाई चढायचंय, तिसरीला कुठंही चालेल पण ऊन नको. चैत्र संपत आला, आता सावली कुठनं आणू हिला?"

पंकजा नगरला कॉलेजात शिकत होती. परीक्षा संपवून काल घरी आली होती आणि येताना एका मैत्रिणीकडून पोत्याएवढी सॅक घेऊन आली होती. ती सॅक दारात उभी होती. साळूबाईनं सकाळी तिला दोनदा माणूस समजून "कोन हाय?" म्हणून विचारलं होतं.

"ह्या एवढ्या पिशवीत भरनार काय?"

"सगळं. तंबू, पातेलं, तांदूळ, अंथरूण. पाठीवर घ्यायचं आणि चालायचं. रानातच चूल मांडायची, रानातच झोपायचं. चार दिवस."

साळूबाईचा साच्यावरचा हात थांबला.

"म्हंजी पाठीवर वझं घ्यायचं, रानात तीन दगडं मांडून रांधायचं, पाल ठोकून भुईवर निजायचं. आन ह्येला सुट्टी म्हनायचं?"

"हो."

"अगं बया! मंग आमी तीस वर्सं सुट्टीवरच हुतो की!"

फोनमधल्या पोरी भांडण विसरून खळाळून हसल्या. पंकजाही हसली. मग तिनं फोन बंद केला आणि आजीजवळ उकिडवी बसून विचारलं, "पण आजी, ऊस तोडायला कुठं जायचं ते तुम्ही ठरवायचा का?"

"आमी? मुकादम ठरवायचा. ट्रकात बसल्यावर कळायचं, न्हाईतर उतरल्यावर."

"आणि आता तूच ठरव म्हटलं तर? कुठं जाशील?"

चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात साळूबाईला हे कुणी विचारलं नव्हतं. 'काय खानार', 'कवा येनार', 'किती तोडला' हे सगळं विचारून झालं होतं. तिनं राहिलेला चीक साच्यात भरला, खाटेवर उरलेल्या जागेत चार कुरडया घातल्या, हात धुतले आणि डोक्यावर पदर घेऊन ती लंकाबाईच्या घराकडं निघाली. एकटीनं जायचं ठिकाण तिला सुचत नव्हतं, कारण एकटीनं ती कुठं गेलीच नव्हती.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. साळूबाईचा आणि लंकाबाईचा नवरा दोन वर्षांच्या अंतरानं गेला, तेव्हा मुकादमानं दोघींना एकमेकींशी जोडून टाकलं. "दोन अर्धे, झाला एक," असं म्हणाला आणि मोकळा झाला. त्यानंतर अठरा वर्षं एक वाकून तोडायची, दुसरी मोळी बांधायची. एकीला ताप आला की दुसरी दोघींचं तोडायची. संसारात नवऱ्यांशी पटलं नसेल एवढं ह्या दोघींचं पटलं, आणि नवऱ्यांशी झालं नसेल एवढं भांडणही झालं.

लंकाबाई दारात बसून जात्याच्या खुंट्याला हात लावून बघत होती. हल्ली ती वस्तू डोळ्यांनी बघायच्या आधी हातानं बघायची. नगरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर माघारी येत नाही, राहिलेली टिकवायला थेंब घाला, एवढंच त्याच्या हातात होतं. कडेची नजर सगळी गेली होती. मधलं तेवढं शिल्लक होतं.

"कोन, साळी का?"

"वळखलंस?"

"पायाचा आवाज. तुजं डावं पाऊल घसटतंय. सरळ समूर ये, मंग दिसशील. बांगडीतनं बघितल्यावानी दिसतंय बघ सगळं. आन बांगडी बी आता बाळाची झालीया."

साळूबाई समोर जाऊन बसली. पंकजाचं, सॅकचं आणि भांडणाऱ्या पोरींचं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "लंके, आपुन बी जाऊ. दोघी. वझं घिऊन. मुकादम न्हाई, कोयता न्हाई. तुला कुठं जायचं सांग."

तिला वाटलं होतं, लंकाबाई नेवाशाचं नाव घेईल, नाहीतर लेकाकडं पुण्याला म्हणेल. लंकाबाईनं क्षणभरही विचार केला नाही.

"ट्रक मोडला त्या गावाला."

साळूबाईला लगेच आठवलं. सत्तावीस वर्षं झाली होती. त्या साली ऊस फार होता, गाळप वैशाखापर्यंत लांबलं होतं. टोळी एका रानातून दुसऱ्या रानात चालली होती आणि मध्येच एका घाटात ट्रकच्या चाकावरचा पाटा तुटला. गहिनीनाथ ड्रायव्हर खाली घुसला आणि दुपार कलेपर्यंत बाहेर आला नाही. कडेला उंबराचं झाड होतं, खाली पाण्याचा झरा होता, करवंदाच्या जाळ्या होत्या. बायकांनी न्हाऊन घेतलं. आणि लंकाबाई उंबराखाली पदर पसरून भर दुपारची झोपली.

"जलमात दुपारची निजले ती तेवढीच," लंकाबाई म्हणाली. "बाळतपनात बी निजले न्हवते. डोळं पुरतं मिटायच्या आत मला त्ये झाड एकदा बघायचं हाय. मंग मिटू द्यात."

"पर गाव कुठलं? नाव?"

"नाव हाय की माझ्यापाशी."

ती चाचपडत आत गेली. पत्र्याच्या पेटीचं झाकण करकरलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुनी गोधडी होती, डांबरगोळ्यांच्या वासाची. तिनं ती मांडीवर उलटी केली. निळ्या लुगड्याच्या अस्तरावर, बरोबर मधोमध, लाल दोऱ्यानं काहीतरी वेडंवाकडं शिवलेलं होतं.

"उठले तर समूर पाटी हुती. मोठी. म्हनलं, गावाचं नाव असनार. गहिनीनाथ काय लवकर उठंना. सुई हुतीच, गोधडी अर्धी झाल्ती. बघून बघून उतरून घेतलं. एक एक टाका. म्हनलं, कवा तरी कुनी वाचून दावील."

"मंग दावलं न्हाईस कुनाला?"

"मुकादमाला? मेले तरी न्हाई. लेकाला एकदा दावलं, तर म्हनला, आई, ह्या काय मुंग्या काढल्यात. मंग ठिऊन दिलं पेटीत."

साळूबाईनं गोधडी जवळ ओढली. ती साठीला टेकली असताना अक्षरं शिकली. कोरोनात सगळं बंद होतं त्या वर्षी शाळाही बंद होती, पंकजा दहावीला घरीच होती आणि कंटाळून तिनं आजीला पाटीवर बसवलं. साळूबाईचं अक्षर आजही असंच होतं, कुठं पाय लांब, कुठं डोकं मोठं. ज्यानं लहानपणी सरळ अक्षरं गिरवली त्याला गोधडीवर मुंग्याच दिसल्या असत्या. तिला त्या टाक्यांमध्ये आपलंच पहिल्या वर्षाचं अक्षर दिसलं. तिनं बोट ठेवलं.

"ह्यो स. हा काना. सा." बोट पुढं सरकलं. "व. मंग क, आन त्येला काना. का." शेवटच्या अक्षराशी दोऱ्याचा गुंता झाला होता. तिनं तो नखानं सारखा केला. "श."

"काय झालं?"

"सावकाश."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मगच साळूबाईच्या ध्यानात आलं. हे गावाचं नाव नव्हतं. ही पाटी तिनं पाहिली होती. एसटीनं नगरला जाताना करंजीच्या घाटात वळणावळणाला होती. वाचायला शिकल्यावर पहिल्या पहिल्यांदा तिनं रस्त्यावरचं जे दिसेल ते मोठ्यानं वाचलं होतं आणि पंकजानं अर्थ सांगितला होता.

लंकाबाईचा चेहरा मात्र उजळून निघाला होता.

"सावकाश," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, गोड खाऊन जीभ फिरवावी तशी. "केवढं चांगलं नाव हाय गं गावाचं! आपल्याकडं बघ, वाळुंज काय, खांडगाव काय. सावकाश! कुनी ठिवलं असंल?"

साळूबाई बोलणार होती. तिनं श्वासही घेतला होता. पण ती नुसतंच "व्हय" म्हणाली.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या वस्तीला कळलं की लंकाबाई आणि साळूबाई सावकाशला चालल्या आहेत. पंकजानं मोबाईलमध्ये नकाशा उघडला आणि मान वर करून म्हणाली, "आजी, अगं हे गाव नाहीच कुठं. सावकाश म्हणजे तर..."

"तुजं भंडारदऱ्याचं ठरलं का?" साळूबाईनं तिला मध्येच तोडलं.

"आजी, त्यांना खोटं सांगितलंस तू?"

"मी वाचलं ते सांगितलं. त्यात खोटं काय हाय?" ती तिरसटून म्हणाली. रात्री कूस बदलताना मात्र तिला तेच टोचत होतं. एक साधा शब्द वाचायला शिकले आणि त्यानंच जोडीदारणीला फसवलं.

सकाळी उठून ती गहिनीनाथाकडं गेली. गहिनीनाथ आता सत्तरीला आला होता, खुब्यात कळ होती, त्यामुळं दिवसभर लिंबाखालच्या बाजेवर बसून जाणाऱ्या येणाऱ्या गाड्यांचे दोष सांगायचा.

"गहिनीनाथ भाऊ, लई सालामागं घाटात पाटा तुटला हुता बघा तुमचा. ती जागा कुठली?"

म्हाताऱ्यानं आधी इकडं तिकडं बघितलं.

"तुटला न्हवता."

"आँ?"

"कोतुळाच्या पुढला घाट. तीन दिस गाडी चालवत हुतो, मुकादम निजू देईना. एका वळनावर डोळं उघडं असून काय दिसंना. मंग ती पाटी दिसली. मला कुठं वाचता येतंय? पर एवढं ठावं हुतं, अशी पाटी असली म्हंजी पुढं धोका हाय. मागं साठ मान्सं बसल्याली. घेतली गाडी कडंला आन बोंबललो, पाटा तुटला म्हून. खाली घुसलो ते गाडीखालीच निजलो. तासभर पाना वाजवला आन बाकीचा येळ झोपा काढल्या."

साळूबाईला हसू फुटलं.

"हसू नगं. त्या लंकाबाईला सांगू बी नगं. बिचारीला माजी दया आली, गाडीखाली वाकून मला दोन भाकरी दिल्या. दमला असाल भाऊ, म्हनली. त्या भाकरी अजून हितं अडकल्यात." त्यानं छातीवर हात ठेवला. "तिसरं वळन. उंबर बघा. पाटी असंल, नसंल."

"येताव का संगं?"

"खुबा येत न्हाई."

कोतुळाच्या पुढचा घाट आणि तिसरं वळण, एवढंच साळूबाईनं लंकाबाईला सांगितलं. दोन दिवसांनी पाथर्डीच्या स्टँडवर दोघी एसटीत चढल्या. साळूबाईच्या पाठीवर पंकजाचं जुनं शाळेचं दप्तर होतं, त्यात पीठ, तिखट-मीठ, एक पातेलं आणि लंकाबाईच्या डोळ्यांचे थेंब. लंकाबाईनं दप्तर नको म्हटलं होतं. तिनं आपलं सामान गोधडीत बांधून, दोन टोकं खांद्यावरून पुढं आणून छातीशी गाठ मारली होती. पंकजा सोबत येते म्हणाली होती, तर लंकाबाई म्हणाली, "तू आपली मैत्रिनी घिऊन जा. मी माजी घिऊन चालले."

कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला.

"कुठं आजी?"

"सावकाश," लंकाबाई म्हणाली.

"गाडी सावकाशच जातीय आजी, लई जुनी हाय. पर उतरायचं कुठं?"

पुढच्या बाकावरची दोन माणसं हसली. साळूबाई घाईघाईनं म्हणाली, "नगर. दोन. बायकांचं अर्धं तिकीट द्या."

"दोन हाफ," कंडक्टर पुटपुटला.

"दोन अर्धे म्हंजी एकच की," लंकाबाई म्हणाली. "आमी पहिल्यापास्नं एकच हाय. लाव एक." कंडक्टरला काही कळलं नाही, पण त्यानं हसून दोन तिकिटं हातात दिली.

लंकाबाई खिडकीशी बसली होती. बाळाच्या बांगडीएवढ्या नजरेत मावेल तेवढा रस्ता ती बघत होती. करंजीचा घाट लागला, गाडी वळली आणि तिनं साळूबाईची मांडी घट्ट धरली.

"साळे! आलं की! एवढ्यात कसं आलं?"

साळूबाईनं बाहेर बघितलं नाही. तिला माहीत होतं.

"तीच पाटी! तोच मुंग्यांचा घोस. थांबीव की गाडी." एवढ्यात पुढचं वळण आलं. तिथं पुन्हा तीच पाटी होती. लंकाबाईचा हात सैल झाला. तिसऱ्या पाटीला तिनं मान वळवली आणि आपली नजर बरोबर साळूबाईच्या तोंडावर धरली.

"सावकाश म्हंजी काय गं?"

"हळू," साळूबाई म्हणाली. "गाडी हळू हाका, म्हून लिवल्यालं आसतं. गाव न्हाई त्ये, लंके. मला पहिल्याच दिसी कळालं हुतं. तू एवढी हसलीस, मंग माज्यानं बोलवंना."

गाडी घाट उतरून खाली सपाटीला आली, गावं मागं गेली, भिंगार आलं, लष्कराच्या भिंती आल्या. साळूबाईनं मनाची तयारी केली होती. लंकाबाई रागावली की कोयत्यासारखी तुटून पडायची, आठ-आठ दिवस बोलायची नाही, तशीच मोळ्या बांधायची.

"म्हंजी सगळ्या रस्त्यानं लिहून ठिवलं हुतं," लंकाबाई शेवटी म्हणाली. "जागोजाग. हळू जावा, हळू जावा. आन आपल्याला कुनी वाचून दावलं न्हाई."

"न्हाई."

"तुला तरी आधी का गं शिकू वाटलं न्हाई?"

"उशीर झाला खरा."

नगरच्या स्टँडवर गाडी थांबली. माणसं उतरली. साळूबाई उठली नाही. "मंग काय करायचं? माघारी जायचं? का नेवाशाला जाऊ? गाड्या हायेत."

लंकाबाईनं छातीवरची गाठ चाचपून घट्ट केली.

"माघारी कशापायी? झाड तर हाय ना? गहिनीनाथ भाऊंनी सांगितलं न्हवं तिसरं वळन?" आणि उठता उठता ती म्हणाली, "पाटा तुटला न्हवता, व्हय ना?"

"तुला कुनी सांगितलं?"

"घोरत हुता की गाडीखाली. भाकरी द्यायला वाकले तवाच बघितलं. दचकला, तर दमला असाल भाऊ म्हनले, दोन भाकरी उशाशी ठिवल्या आन गप आले. म्हनलं, निजू दे. त्यो निजलाय तवर आपल्याला बी निजता येतंय."

साळूबाई पायरीवर उभी राहून इतकी हसली की कंडक्टर म्हणाला, "आजी, उतरा आता, मागं मान्सं हायेत."

संगमनेर, अकोले करत त्या कोतुळाला पोचल्या. मुक्काम देवळाच्या ओसरीवर केला. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत दुसऱ्या गाडीनं घाटात, तिसऱ्या वळणावर, उतरल्या. कंडक्टरला खरं वाटेना की इथं कुणाला उतरायचं असेल.

उंबर होता. साळूबाईच्या आठवणीतल्यापेक्षा जाड झाला होता आणि एका बाजूनं वठला होता. झऱ्याला बोटभर धार होती. लंकाबाईनं पायातल्या चपला काढल्या, झाडाला हात लावून ती पूर्ण एक फेरी फिरली, मग समोर येऊन उभी राहिली आणि आपल्या उरलेल्या नजरेनं खालपासून वर, फांदी फांदी करत झाड बघू लागली. तिला बराच वेळ लागला. साळूबाईनं तोवर तीन दगड गोळा केले.

पाटीचा नुसता सांगाडा राहिला होता. रंग सगळा उडून गेला होता, गंजलेला पत्रा तेवढा दोन खांबांवर उभा होता.

"पाटी हाय का गं?" लंकाबाईनं विचारलं.

"हाय."

"काय लिवलंय?"

"काय न्हाई. पुसलंय."

"बरं." लंकाबाईनं गोधडी सोडली, सामान बाजूला काढलं. "हिला लई वास मारतोय गोळ्यांचा. ऊन दाव जरा." मग तिनं उंबराखाली पदर पसरला, दप्तर उशाला घेतलं आणि आडवी झाली. सकाळचे अकरा वाजले होते. साळूबाई भाकरी थापायला पीठ शोधत होती तेवढ्यात तिला लंकाबाईच्या घोरण्याचा आवाज ऐकू आला.

तिनं पीठ तसंच ठेवलं. गोधडी घेऊन ती रस्त्याच्या कडेला गेली. उन्हाला घालायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तिनं ती त्या पत्र्यावरच टाकली. टाकून झाल्यावर बघितलं तर सुलटी बाजू वर आली होती. तिनं ती काढली, लाल टाके रस्त्याकडं येतील अशी उलटी केली आणि चारी कोपरे ओढून नीट बसवली.

यंदाही गाळप लांबलं होतं; खालून ऊस भरलेला ट्रक घाट चढत आला. वळणावर ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, निळ्या गोधडीकडं बघितलं आणि गाडीचा वेग कमी केला. उसावर बसलेल्या बायकांपैकी एकीनं हात हलवला. साळूबाईनंही हलवला, पण आवाज केला नाही. मागं लंकाबाई झोपली होती.